दोन साचे, तीन साचे

रत्नागिरीतल्या आंबा बागायतदाराच्या पडवीत एक लांब काठी भिंतीला टेकलेली दिसते. टोकाला कडं, कड्याला जाळी. हा झेला. जुना झेला फळ हिसकून काढायचा. देठ मुळापासून तुटायचा, चीक सालीवर ओघळायचा, त्याचे काळे डाग पडायचे आणि देठाकडूनच फळ कुजायला लागायचं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं त्यात सुधारणा करून ‘नूतन झेला’ आणला. कड्याला पातं बसवलं, त्यामुळे फळ थोड्या देठासकट कापलं जाऊन अलगद जाळीत पडतं. काठी तशीच, झाड तेच, काढणारा गडीही तोच. बदलली ती फळ तोडण्याच्या क्षणाची हातातली हालचाल, आणि तेवढ्यानं पेटीतल्या मालाची प्रत बदलली.

एखादं काम कसं होतं ते निरखायचं, त्यात नुकसान नेमकं कुठं होतं ते शोधायचं आणि माणूस न बदलता कामाची रीत बदलायची, या उद्योगाला ज्या शाखेत नाव आणि शिस्त मिळते ती औद्योगिक अभियांत्रिकी. गंमत अशी की रत्नागिरी जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालयांची वाण नाही. शहरात फिनोलेक्स अकादमी १९९६ पासून आहे, देवरुखजवळ आंबवला राजेंद्र माने महाविद्यालय आहे. पण ही शाखा इथल्या मुलांना भेटते ती मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमातल्या एखाददुसऱ्या विषयापुरती. प्रवेशाच्या दिवसांत कुणी तिचं नाव काढलंच, तर पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: इंडस्ट्रियल म्हणजे कारखान्यातलंच ना? मग मेकॅनिकल काय वाईट?

प्रश्न वाजवी आहे. मेकॅनिकलवाला यंत्र कसं चालावं याचा विचार करतो. इंडस्ट्रियलवाल्यापुढे दहा यंत्रं, चाळीस माणसं आणि त्यांच्या मधोमध पडून राहिलेला माल असतो. कारखान्यात एखाद्या भागावर प्रत्यक्ष काम होतं ते काही मिनिटं. बाकीचा वेळ तो भाग कुणाची तरी वाट पाहत असतो. त्या वाट पाहण्याचा हिशेब मांडणं हे या शाखेचं खास क्षेत्र. त्यासाठी विद्यार्थी कार्यअभ्यास (वर्क स्टडी) शिकतो, संख्याशास्त्र आणि गुणवत्ता नियंत्रण शिकतो, रांगांचं गणित, उत्पादनाचं नियोजन, कारखान्याची मांडणी, खर्चाचं अर्थशास्त्र शिकतो. माणसाची कंबर, डोळे आणि मनगट यांना झेपेल असं काम कसं आखावं हेही शिकतो. लोखंडापासून मानसशास्त्रापर्यंत पसरलेल्या अशा अभ्यासक्रमाची टर उडवणारेही असतात. सगळं थोडंथोडं येणारा अभियंता, असं त्याचं वर्णन मेकॅनिकलच्या वसतिगृहात सर्रास होतं.

भारतात हा विषय तसा नवा नाही. इंडियन इन्स्टिट्यूशन ऑफ इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग १९५७ साली स्थापन झाली, राष्ट्रीय उत्पादकता परिषद १९५८ साली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या साहाय्यानं पवईजवळ विहार तलावाकाठी १९६३ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग, म्हणजे ‘निटी’, उभी राहिली आणि औद्योगिक अभियांत्रिकी म्हटलं की निटी असं समीकरणच झालं. तीच संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली. पाटीवरून ‘अभियांत्रिकी’ हा शब्द गेला आणि ‘व्यवस्थापन’ आला. आजचा विद्यार्थी या विषयाकडे कोणत्या नजरेनं पाहतो, याचं उत्तर त्या पाटीत आहे. यंत्राजवळ उभं राहायचं की वातानुकूलित खोलीत बसून यंत्राजवळच्या माणसांचे तक्ते वाचायचे, याची निवड बहुतेकांनी करून टाकली आहे.

मग या पदवीनं विद्यार्थ्याला नेमकं काय यायला हवं?

कागदावर उत्तर तयार आहे. जून २०१४ मध्ये अभियांत्रिकी पदव्यांना देशोदेशी परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत पूर्ण सदस्य झाला. नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशननं ठरवलेली पदवीची बारा फलितं महाविद्यालयांच्या भिंतींवर फ्रेम करून लागली. अभियांत्रिकीचं ज्ञान, समस्येचं विश्लेषण, रचना, आधुनिक साधनांचा वापर, समाजाचं आणि पर्यावरणाचं भान, नीतिमत्ता, संघात काम करणं, संवाद, आजन्म शिकत राहणं वगैरे. यादीत खोट काढावी असं काही नाही. पुढची पायरी मात्र मजेची आहे. प्रत्येक विषयासमोर प्रत्येक फलिताचा एक, दोन किंवा तीन असा आकडा भरायचा, त्यांची सरासरी काढायची आणि फाइल तपासणीच्या समितीपुढे ठेवायची. ज्यानं गुणवत्ता नियंत्रणाचा विषय खरोखर पचवला आहे, असा तिसऱ्या वर्षाचा मुलगा या तक्त्याला पहिलाच प्रश्न विचारील: हे मोजलं कुणी, कशानं मोजलं, आणि दुसऱ्यानं मोजलं तर हाच आकडा येईल का? मोजमापाचं शास्त्र शिकवणाऱ्या विभागाची स्वतःची मोजपट्टी अंदाजपंचे असावी, हे काही शोभत नाही.

त्यापेक्षा रत्नागिरीतली चार कामं घेऊन त्यांवर ही पदवी घासून पाहावी.

पहिलं काम आंब्याचंच. हापूसमध्ये साका होतो. बाहेरून फळ देखणं, वासाला उत्तम, आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, असं अभ्यासक सांगतात. गिऱ्हाईक फळ कापतं पुण्यात किंवा दुबईत. शिव्या पडतात रत्नागिरीच्या नावाला. आता प्रत्येक फळ कापून पाहता येत नाही, कारण कापलेलं फळ विकता येत नाही. तपासणी केली की माल संपतो. बंदुकीच्या काडतुसांपासून दिव्यांच्या आयुर्मानापर्यंत अनेक ठिकाणी हाच पेच पडला आणि त्यातूनच नमुना तपासणीचं गणित वाढलं. बागायतदारांनी आणि कृषी विद्यापीठानं त्याला आपल्या परीनं उत्तरं शोधली. फळ चौदा आणे तयार झालं की काढायचं, झाडावर जास्त पिकू द्यायचं नाही. काढलेलं फळ पाण्यात टाकून पाहायचं. तरंगलं तर ते कोवळं, बाजूला काढायचं. ‘चौदा आणे’ हा शब्दप्रयोग लक्ष देण्याजोगा आहे. नाणी बदलून कैक वर्षं झाली तरी बागेतली मोजपट्टी आण्यांचीच राहिली, कारण ती नजरेला बसलेली आहे. फळाचे खांदे भरले का, रंग गडद हिरव्यावरून फिकटला का, हे अनुभवी माणूस खालून सांगतो.

औद्योगिक अभियंत्याचं पहिलं कौशल्य इथं लागतं. अनुभवी माणसाची नजर आणि नव्या गड्याची नजर यांत किती फरक पडतो, हे आकड्यांत मांडता यायला हवं. बागांत राखणीला आणि काढणीला येणाऱ्यांत नेपाळी कामगार मोठ्या संख्येनं असतात. चौदा आण्यांची खूण त्यांच्यापर्यंत कशी पोचवायची, हा भाषेचा, प्रशिक्षणाचा आणि संख्याशास्त्राचा एकत्र प्रश्न आहे. पुस्तकात तो याच स्वरूपात कुठं सापडणार नाही.

दुसरं काम रेल्वेचं. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण लांबीनं सुरू झाली. ७४१ किलोमीटरचा मार्ग, त्यातला रोहा ते वीर एवढा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी मुख्यतः एकेरी. समोरासमोरच्या गाड्यांना स्टेशनातच एकमेकींना वाट द्यावी लागते. ‘क्रॉसिंगला थांबली’ हे वाक्य चाकरमान्यांच्या बोलण्यात जितक्यांदा येतं, तितक्यांदा ‘चहा’ही येत नसेल. गणपतीत जादा गाड्या सुटल्या की प्रत्येकाचा एकच त्रागा: एवढ्या गाड्या सोडता, मग उशीर का? उत्तर रांगेच्या गणितात आहे. साध्यातल्या साध्या रांगेवरचा भार ८० टक्क्यांवरून ९० वर नेला, तर वाट पाहण्याचा सरासरी काळ दुपटीहून जास्त वाढतो. जादा गाडी फक्त आपला वेळ खात नाही, साऱ्या मार्गाचा वेळ खाते.

पावसाळ्यात याच मार्गावर उलटा धडा मिळतो. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ आणि १६ जून २००४ रोजी करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडींमुळे भीषण अपघात झाले. पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, मुसळधार पावसात वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत खाली आणण्याची सूचना, रुळांवर रात्रंदिवस गस्त, या गोष्टी कोकणात आता अंगवळणी पडल्या आहेत. कागदावर पाहिलं तर हे वेळापत्रक ‘अकार्यक्षम’ आहे. गाड्या मुद्दाम हळू धावतात, माणसं रिकाम्या रुळांवरून चालत राहतात. पण त्या मोकळिकीतच सुरक्षितता आहे. कुठली मोकळीक म्हणजे उधळपट्टी आणि कुठली म्हणजे विमा, हे ओळखता येणं ही या शाखेची सर्वांत अवघड परीक्षा. सगळं घट्ट आवळून बसवणारा विद्यार्थी तिथं नापास होतो.

तिसरं कामही रेल्वेचंच, आणि ते तंत्रापेक्षा माणसांच्या सवयींचं आहे. भरलेले ट्रक थेट वाघिणींवर चढवून नेण्याची ‘रो-रो’ सेवा कोकण रेल्वेनं १९९९ मध्ये सुरू केली आणि ती टिकली. ट्रकमालकाचं डिझेल, टायर आणि घाटातला त्रास वाचतो, हे गणित सरळ होतं. त्याच धर्तीवर २०२५ च्या गणपतीसाठी कोलाड ते गोव्यातल्या वेर्णापर्यंत मोटारी नेण्याची सेवा जाहीर झाली. वाघिणी होत्या, रूळ होते, अनुभव होता. तरी सुरुवातीचा प्रतिसाद थंडच राहिला. पुढे सिंधुदुर्गातल्या नांदगाव रोडला थांबा जोडावा लागला. गणपतीला गाडी घेऊन निघणारा मुंबईकर संगमेश्वर, लांजा, राजापूर, कणकवलीला उतरणारा असतो. वेर्ण्याला पोचून त्यानं मागं फिरायचं, हे त्याच्या गणितात बसेना. रचना करण्याआधी ती वापरणाऱ्याला विचारायचं, ही पायरी प्रत्येक पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात असते आणि प्रत्यक्षात सगळ्यात आधी तीच गळते.

चौथं काम काजूचं, आणि ते जरा थांबून पाहायला हवं. लांजा-राजापूरकडच्या काजू कारखान्यांत बी वाफवतात, फोडतात, गर काढून वाळवतात, साल सोलतात आणि मग प्रतवारी लावतात. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात सुमारे ३०० ते ३२० अख्खे गर. अख्ख्या गराला चांगला भाव, पाकळीला कमी, तुकड्याला त्याहून कमी. फोडणाऱ्या आणि सोलणाऱ्या बहुतेक बायका, मजुरी बहुधा किलोवर. बीच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून हातांना राख नाहीतर तेल लावून काम चालतं. तासन्‌तास एकाच बैठकीत मान खाली.

इथं स्टॉपवॉच घेऊन एखादा होतकरू पदवीधर आला, तर तो काय करील? दर गरामागे लागणारे सेकंद मोजील, हालचाली कमी करील, रोजचे किलो वाढवील. पण वेग वाढला की गर फुटतो, पाकळी वाढते आणि मालकाचा फायदा तिथंच गळतो. एवढं त्याला आकडेच सांगतील. आकडे जे सांगणार नाहीत ते वेगळंच आहे. बैठक सुधारल्यावर एखाद्या बाईचं काम दिवसाला दोन किलोंनी वाढलं, तर त्या दोन किलोंचे पैसे कुणाचे? किलोमागचा दर तसाच राहिला तर तिचे. दर उतरवला तर मालकाचे. बायकांची संख्या कमी केली तर मालकाचे, आणि घरी बसलेल्या बाईच्या पदरी काहीच नाही.

हा प्रश्न रत्नागिरीला नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी तो याच जिल्ह्यातल्या माणसांनी विचारला होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणनांत मुंबईच्या गिरणी कामगारांत सर्वांत मोठा गट रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्यांचा होता. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही येई. गिरणगावातल्या या माणसांची औद्योगिक अभियांत्रिकीशी पहिली गाठ १९२७-२८ च्या सुमारास पडली, ‘रॅशनलायझेशन’ या नावानं. ससून समूहाच्या गिरण्यांत नवी पद्धत आली. दोन साचे, म्हणजे माग, सांभाळणाऱ्या विणकरानं तीन सांभाळायचे, रिंग फ्रेमची एक बाजू पाहणाऱ्यानं दोन्ही बाजू पाहायच्या. हिशेब कुणालाही समजेल असा होता. सहा साच्यांना आधी तीन माणसं लागत, आता दोन पुरणार. तिसऱ्याचं काय? आणि उरलेल्या दोघांचं काम दीडपट झालं, तर मजुरीही दीडपट होणार का? ती तशी होत नव्हती, ही कामगारांची तक्रार होती. सूत चांगलं असेल तरच तिसरा साचा झेपतो, हलक्या कापसाचं सूत घटकेघटकेला तुटतं, हेही ते सांगत होते. आजच्या भाषेत ते विणकर कच्च्या मालाच्या प्रतीचा आणि प्रमाणित वेळेचा संबंध मांडत होते.

एप्रिल १९२८ मध्ये सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार ऑक्टोबरपर्यंत कामावर गेले नाहीत. कित्येकांनी कोकणातलं गाव गाठलं. गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा याच संपात उभा राहिला, आणि तडजोड म्हणून फॉसेट समिती नेमावी लागली. एका विणकरामागे एक जादा साचा, अशा तांत्रिक बदलांवरून पेटलेल्या वादात शहराचा मुख्य धंदा सहा महिने बंद राहिला.

अमेरिकेतही असंच घडलं होतं. फ्रेडरिक टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक १९११ मध्ये आलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारातल्या ओतारी कामगारांनी स्टॉपवॉचविरुद्ध संप केला. पुढं तिथल्या संसदेनं सरकारी शस्त्रागारांत वेळ मोजण्यावरच बंदी आणली. लिलियन गिलब्रेथनं मात्र याच शास्त्रात मानसशास्त्र आणलं. थकवा हाही मोजण्याचा विषय आहे हे ती सांगत राहिली. जपाननं १९५५ मध्ये उत्पादकता चळवळ सुरू केली ती तीन तत्त्वं आधी ठरवून: रोजगार टिकवायचा, मालक-कामगारांनी मिळून ठरवायचं आणि वाढीव फळं न्यायानं वाटायची. टोयोटाच्या कारखान्यात चूक दिसताच कामगाराला दोरी ओढून उत्पादनाची अख्खी ओळ थांबवता येते, ही गोष्ट जगभरच्या वर्गांत कौतुकानं शिकवली जाते. ती दोरी बिनधास्त ओढायला रोजगार टिकण्याचा भरवसा लागतो, हे शिकवायचं राहून जातं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. वाटणी कशी करायची हे राजकारण झालं, युनियननं आणि मालकानं पाहावं. अभियंत्यानं पद्धत सुधारून बाजूला व्हावं. पुलाचा भार मोजणाऱ्याला टोल किती घ्यावा हे कुणी विचारत नाही. पण पूल आणि काम यांत फरक आहे. खांबाला मोजलं म्हणून खांब वागणूक बदलत नाही. माणसाला मोजलं की तो बदलतो. आपण वेगानं केलं तर उद्या दर उतरेल, अशी भीती असेल तर घड्याळ पाहताच हात मंदावतो, आणि अभियंत्यानं टिपलेला आकडाच खोटा ठरतो. म्हणजे वाटणीचा प्रश्न मोजमापाच्या आत शिरलेला आहे. तो बाहेर ठेवून काढलेली प्रमाणित वेळ तांत्रिकदृष्ट्याही चुकीची असते. नीतिमत्ता हे यादीतल्या फलितांतलं एक फलित म्हणून वेगळ्या रकान्यात टाकून इथं भागत नाही. ती कार्यअभ्यासाच्या पहिल्या तासालाच यावी लागते.

तेव्हा औद्योगिक अभियांत्रिकीच्या पदवीधराकडून मागायचं ते एवढंच: प्रत्यक्ष चालू असलेलं एक काम घ्यावं, ते करणाऱ्यांच्या संमतीनं मोजावं, आधीचा आणि नंतरचा आकडा द्यावा, आणि वाचलेल्या वेळेतून कुणाला काय मिळालं याचा एक परिच्छेद त्याखाली लिहावा. सिम्युलेशनची सॉफ्टवेअरं, विदाविश्लेषण, पायथन हे सगळं हवंच. त्याशिवाय आज पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यांत उभं राहता येत नाही. पण ते सहा महिन्यांत शिकता येतं. काजूच्या कारखान्यात मान खाली घालून बसलेल्या बाईशी बोलून तिच्याकडून खरा आकडा मिळवणं सहा महिन्यांत येत नाही.

यासाठी रत्नागिरीत नवी शाखाच काढायला हवी, असा आग्रह धरण्यात अर्थ नाही. नव्या शाखेला जागा मंजूर होतील, पाटी लागेल, फलितांची फ्रेमही लागेल. मुलं मात्र कॉम्प्युटरकडेच वळतील. आहे त्या मेकॅनिकलच्या आणि इतर शाखांच्या मुलांना शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मिरकरवाडा बंदरातली बर्फाची वाहतूक, एखाद्या बागेतली काढणी ते पेटी ही साखळी, मिरजोळ्याच्या एमआयडीसीतला छोटा कारखाना किंवा लांज्याचा काजू देता येईल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर इंटर्नशिपला श्रेयांक मिळतात, तेव्हा नियमांची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही.

अडचण आहे ती वेळापत्रकाची. आंब्याची मुख्य काढणी मार्च ते मेमध्ये होते, आणि नेमक्या त्याच सुमारास मुलं लेखी परीक्षेच्या तयारीत असतात. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, आणि सुट्टी संपवून मुलं परततात तेव्हा बंदर शांत असतं. ज्या विषयाचा जीवच कामाच्या वेळापत्रकात आहे, त्या विषयाचं वेळापत्रक गावातल्या कामाशी जुळू नये, हे प्राचार्यांनी आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी एकदा टेबलावर घ्यावं. आंब्याला पहिला मोहर साधारण नोव्हेंबरात दिसू लागतो. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे विषय त्याआधीच, जुलै-ऑगस्टमध्ये ठरतात.